हसरा फोटो पुरेसा नाही : दुभंगलेल्या ओठाचा स्नायूही पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ओठ दुभंगलेल्या बाळावरच्या शस्त्रक्रियेची बातमी छापून येते तेव्हा तिच्यासोबत बहुधा दोन छायाचित्रे असतात, आधीचे आणि नंतरचे. नंतरच्या छायाचित्रात मूल हसत असते आणि मथळ्यात 'हास्य' हा शब्द असतोच. हेतू चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ओठाची दुरुस्ती कितपत साधली हे ठरवायला हसरा फोटो हा सर्वांत कच्चा पुरावा आहे. हसताना ओठ आडवा ताणला जातो आणि कातडीखालचे बरेच दोष त्या ताणात लपतात. तेच मूल शिट्टी वाजवायला ओठांचा चंबू करते किंवा भोकाड पसरते, तेव्हा खरा प्रकार दिसतो. ओठ म्हणजे मुख्यतः स्नायू, आणि दुभंगलेल्या ओठात खरी अडचण कातडीपेक्षा त्या स्नायूचीच असते. पालकांना याविषयी फार कमी सांगितले जाते, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

'फाटलेला ओठ' हा शब्द आधी बाजूला ठेवू. ओठ अखंड होता आणि मग फाटला, असे काही घडत नाही. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना नाकाच्या बाजूने खाली येणारे मधले उंचवटे आणि दोन्ही गालांकडून पुढे सरकणारे उंचवटे एकमेकांना भेटतात, त्यांच्यामधला पातळ पडदा विरतो आणि वरचा ओठ व पुढची हिरडी सलग होते. ही भेट एका किंवा दोन्ही बाजूंना हुकली की फट राहते. स्नायू घडवणाऱ्या पेशी बाजूकडून मध्याकडे सरकत येतात. समोर वाट असेल तर त्या आडव्या जाऊन पलीकडच्यांना मिळतात. वाट नसेल तर बांधाला अडलेल्या पाण्यासारख्या कडेकडेने वर वळतात आणि नाकाच्या पायथ्याशी जिथे आधार मिळेल तिथे चिकटतात. म्हणजे स्नायू बहुतेक वेळा असतो. तो भलत्या ठिकाणी बांधलेला असतो, एवढेच. ही एक गोष्ट ध्यानात आली की पुढचे सगळे उलगडत जाते.

जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले असतात. ओठाची फट मुलग्यांत आणि डाव्या बाजूला जास्त आढळते, नुसत्या टाळूची मुलींत जास्त.

निरोगी ओठात काय असते ते आरशासमोर उभे राहून कोणालाही पाहता येईल. 'ऊ' म्हणत ओठ पुढे काढा. तोंडाभोवतीचा जो गोलाकार स्नायू आकसतो त्याला ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस म्हणतात. त्याचे दोन थर आहेत. आतला थर तोंडाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग जातो आणि पिशवीच्या नाडीसारखा तोंड आवळतो. दूध ओढणे, फुंकर घालणे, 'प' आणि 'ब' उच्चारताना ओठ मिटणे ही याची कामे. खाली लाल भागापाशी तो हॉकीच्या काठीसारखा पुढे वळतो, त्यामुळे ओठाला बाहेर झुकलेला भरीवपणा येतो. बाहेरचा थर चेहऱ्यावरच्या हावभावांच्या स्नायूंशी जोडलेला असतो. त्याचे तंतू मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातात आणि कातडीत शिरतात. नाकाखाली ज्या दोन उभ्या कडा दिसतात, त्या या तंतूंनी कातडी आतून धरल्यामुळे. दोन कडांमधल्या पन्हाळीत स्नायू विरळ असतो, म्हणून तिथे खळगा. थोडक्यात, वरच्या ओठाचा जो आकार आपण रोज पाहतो तो खालच्या स्नायूची उमटलेली छाप आहे. कातडी कितीही सुबक शिवली तरी खाली स्नायू नीट नसेल तर हा आकार येत नाही.

आता एका बाजूला पूर्ण दुभंगलेला ओठ घेऊ. फटीच्या बाहेरच्या बाजूचा, म्हणजे गालाकडचा स्नायू आडवा येता येता कडेपाशी वळतो, फटीला समांतर वर चढतो आणि नाकपुडीच्या पायथ्याखाली, वरच्या जबड्याच्या हाडाच्या कडेला चिकटतो. आतल्या, म्हणजे मध्याकडच्या बाजूचे तंतूही तसेच वर जाऊन दोन नाकपुड्यांमधल्या खांबाच्या बुडाशी आणि तिथल्या हाडाच्या टोकाशी बांधले जातात. ओठाची रक्तवाहिनीही हीच वाट धरते: कडेकडेने वर, नाकाकडे. बाळ रडायला लागले की फटीच्या बाहेरच्या बाजूला, नाकपुडीच्या जरा खाली, वाटाण्याएवढी गोल गुठळी फुगून वर येते आणि रडणे थांबले की ओसरते. पालक ती गाठ समजून घाबरतात. ती गाठ नसून आकसलेला स्नायू आहे. पलीकडे पकड नसल्यामुळे तो स्वतःतच गोळा होतो. बोट ठेवून पाहिले तर तिचा कडकपणा कमी-जास्त होताना कळतो.

नाक वाकडे का असते, याचेही उत्तर इथेच आहे. फटीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू नाकपुडीचा पायथा बाहेर, खाली आणि मागे ओढतो. आतल्या बाजूचा स्नायू नाकाच्या पडद्याचे पुढचे टोक आणि मधल्या खांबाचे बूड निरोगी बाजूकडे ओढतो. एकमेकांना तोलणाऱ्या दोन दोऱ्या मधोमध तुटल्या तर खांब कलतो, तसे. नाकपुडीची कूर्चा या ओढीत पसरते, तिची कमान बसते आणि नाकाचे टोक एका अंगाला झुकते. त्यातच नाकपुडीखालच्या वरच्या हिरडीच्या हाडात फट असेल तर नाकपुडीचा पायथा खड्ड्यावर टेकलेला असतो. 'ओठ झाला, नाकाचे मोठेपणी पाहू' असे म्हणणे म्हणून अर्धेच बरोबर आहे. नाकाच्या टोकाची अंतिम शस्त्रक्रिया वाढ पूर्ण झाल्यावर होते हे खरे, पण नाकाला वाकडे करणारी स्नायूंची ओढ ओठाच्या पहिल्याच शस्त्रक्रियेत सोडवावी लागते.

फट अपुरी असली की सगळेच सोपे असते, हा आणखी एक समज. वर नाकपुडीखाली कातडीची पट्टी शाबूत आहे, खाली थोडी खाच आहे, मग दोन टाक्यांत काम होईल असे वाटते. पण कातडी सलग आहे म्हणून तिच्या आत स्नायू सलग असेलच असे नाही. विच्छेदनांतून दिसलेला नियम असा की सलग राहिलेला भाग ओठाच्या उंचीच्या निदान एक तृतीयांश असेल, तरच तंतू तो पूल ओलांडतात, आणि तेही सगळे नाहीत. नाकपुडीच्या तळाशी नुसता कातडीचा दोरा असेल तर त्यात स्नायू बहुधा नसतोच. सर्वांत सौम्य प्रकारात लाल कडेवर बारीकशी खाच, तिच्यापासून नाकापर्यंत जाणारी फिकट उभी रेघ आणि नाकपुडीचा किंचित बसकेपणा एवढेच असते. घरच्यांना ते पोटातच भरून आलेल्या जखमेचा वण वाटतो. रेघेखाली स्नायूचा थर खंडित असू शकतो; मूल ओठांचा चंबू करते तेव्हा तिथे घळ पडते. सोनोग्राफीचा बारीक प्रोब ओठावर ठेवला तर स्नायू गडद पट्ट्यासारखा दिसतो आणि हा खंड त्यातल्या उजळ तुटीसारखा. अशा मुलावर शस्त्रक्रिया करायची की नाही हे खाचेच्या मापापेक्षा हालचालीतल्या दोषावर ठरवावे, असे आमचे मत आहे.

दोन्ही बाजूंना पूर्ण दुभंगलेला ओठ हे वेगळेच प्रकरण. इथे मधला तुकडा नाकाच्या टोकाला लटकल्यासारखा असतो आणि त्यात स्नायू नसतोच. कातडी आणि संयोजी ऊती तेवढ्या. तिकडे पोचायला तंतूंना कोणत्याच बाजूने वाट नव्हती. त्यामुळे मधल्या तुकड्यावर उभ्या कडा नाहीत, पन्हाळ नाही, वरच्या ओठाच्या कडेला असतो तो धनुष्यासारखा बाक नाही, आणि लाल भाग अरुंद व सुकलेला. मागचे हाड, ज्यात पुढचे दात येतात, ते ओठाचा दाब नसल्याने पुढे आलेले असते. शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंचे स्नायू मधल्या कातडीच्या मागून आणून एकमेकांशी जोडावे लागतात. ते टाळून दोन्हीकडचे स्नायू मधल्या तुकड्याच्या कडांनाच शिवले, तर मूल मोठे झाल्यावर मधला भाग निर्जीव पट्टीसारखा राहतो आणि चंबू करताना दोन्ही बाजूंना दोन फुगवटे येतात. मधली कातडी वर्षागणिक रुंदावते, म्हणून सुरुवातीला ती मुद्दाम अरुंद, काही मिलिमीटरच ठेवतात. नातेवाइकांना ते विचित्र दिसते. दिसू द्यावे.

स्नायूवर आणि स्नायूभोवती जे असते त्यातही फरक असतो. कातडी आणि लाल भाग यांच्या सीमेवर, तिरपा उजेड पडला की चमकणारी बारीक उंच कडा असते. शस्त्रक्रियेत दोन्हीकडची ही कडा एका रेषेत आली पाहिजे. एक मिलिमीटरची चूक समोर बसून बोलणाऱ्याच्या नजरेला टोचते, आणि मूल वाढते तशी ती पायरीही वाढते. लाल भागाचेही दोन पट्टे असतात, बाहेरचा कोरडा आणि आतला ओलसर. फटीच्या आतल्या बाजूला कोरडा पट्टा जन्मतःच अरुंद असतो. ती उणीव आतला ओलसर पडदा बाहेर ओढून भरून काढली तर तो भाग वाऱ्याने सुकतो, त्याला भेगा पडतात, पापुद्रे सुटतात आणि रंगही जुळत नाही. म्हणून बाहेरच्या बाजूच्या कोरड्या लाल पट्ट्याची छोटी त्रिकोणी झडप, म्हणजे एका बाजूने जोडलेलाच ठेवलेला तुकडा, आत बसवतात. उंचीचेही तसेच: आतल्या बाजूला कातडी उभ्या मापात आखूड असते, धनुष्याचे ते टोक वर ओढले गेलेले असते. म्हणजे काही ठिकाणी ऊती सरकलेल्या, तर काही ठिकाणी खरोखरच कमी. सगळे आहेच, फक्त जुळवायचे आहे, असे सांगणारा आणि काहीच नाही, नवे घडवायचे आहे, असे सांगणारा, दोघेही अर्धसत्य सांगतात.

सूक्ष्मदर्शकाखाली फटीलगतचे स्नायुतंतू बारीक आणि विस्कटलेले दिसतात, मधे संयोजी ऊतींचे प्रमाण जास्त असते. कडेपासून थोडे दूर गेले की ते नेहमीच्या स्नायूसारखे होतात. हा मूळचाच दोष की पकड नसल्याने काम न मिळालेल्या स्नायूची आबाळ, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांत बिघाड आढळल्याचे काहींनी मांडले, इतरांनी ते केवळ कामाअभावी झाल्याचे म्हटले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर याचा अर्थ एवढाच की अगदी कडेचे गुंतलेले, फिकट टोक धरून टाका घातला तर तो कमकुवत जागी बसतो. जरा आतला, लालसर, भरीव स्नायू धरायचा.

शस्त्रक्रियेच्या पद्धतींची नावे पालकांच्या कानावर पडतात. टेनिसन यांची त्रिकोणी झडप १९५२ची, मिलार्ड यांनी ओठ खाली फिरवून बाजूचा भाग पुढे सरकवण्याची पद्धत १९५५ साली मांडली, फिशर यांची ओठाच्या नैसर्गिक रेषांवर चीर ठेवणारी आखणी २००५ची. ही सगळी प्रामुख्याने कातडीवरची आखणी आहे. कोणती निवडावी यावर शल्यचिकित्सक तासन्‌तास वाद घालतील. कातडीखाली करायचे काम मात्र कोणत्याही पद्धतीत फारसे बदलत नाही. अनुभवी हातांत कोणतीही पद्धत चांगला निकाल देते, त्यामागे हेच कारण आहे.

ते काम थोडक्यात असे. बाळाला पूर्ण भूल दिल्यावर आधी कंपासाने मापे घेऊन शाईने बिंदू मारतात. त्यानंतरच ॲड्रेनलिन मिसळलेले बधिरतेचे इंजेक्शन ओठात देतात. क्रम उलटा झाला तर इंजेक्शनाने ओठ फुगतो आणि मापे चुकतात. चीर घेतल्यावर स्नायू वरच्या कातडीपासून आणि आतल्या ओलसर पडद्यापासून सुटा करायचा. आतल्या बाजूला ही सुटका दोन-तीन मिलिमीटरपुरतीच, नाहीतर मधली पन्हाळ सपाट होते. बाहेरच्या बाजूला जरा जास्त. मग सर्वांत महत्त्वाची पायरी: नाकपुडीच्या पायथ्याशी आणि हाडाच्या कडेला झालेली स्नायूची चुकीची पकड पूर्ण सोडवायची. ती सुटली की उभा असलेला स्नायू ओढ न लावता आडवा फिरतो. ओढावा लागत असेल तर पकड अजून कुठेतरी शिल्लक आहे असे समजावे. आतला पडदा शिवून झाला की स्नायूचा पहिला टाका सर्वांत वर, नाकपुडीचा पायथा नाकाच्या पडद्याच्या बुडाशी आणणारा. नाकपुडीची रुंदी इथेच ठरते. त्याखाली वरून खाली तीन-चार टाके, आणि शेवटचा टाका लाल कडेजवळच्या, पुढे वळणाऱ्या तंतूंच्या जुडीचा. धागा आपोआप विरघळणारा, ४-० किंवा ५-० जाडीचा. कातडीला त्याहून कितीतरी बारीक, ६-० किंवा ७-०, आणि तिथे पहिला टाका चमकत्या कडेवर. स्नायू नीट जुळला असेल तर कातडीचे काठ टाका घालण्याआधीच जवळपास टेकलेले दिसतात. कातडीच्या टाक्यांवर ओढ नसावी. ओढ स्नायूने घ्यायची असते.

या पायऱ्यांपैकी काय चुकले हे मूल दोन-तीन वर्षांचे झाल्यावर बाहेरूनही ओळखता येते. चंबू करताना वणाच्या बाहेरच्या बाजूला फुगवटा आला आणि वणाच्या रेषेत घळ पडली, तर वरची पकड सुटलेली नाही किंवा टाके सुटून स्नायू पुन्हा मागे सरकला. वरचा ओठ मिटला तरी लाल भागात मधोमध त्रिकोणी भोक राहते, शिट्टी वाजवल्यासारखे, तेव्हा खालची जुडी जुळलेली नसते किंवा तिथे ऊतीच कमी पडलेल्या असतात. वण रुंद पसरला तर स्नायूऐवजी कातडीने ओढ घेतली. नाकपुडी जन्मवेळेइतकीच पसरट राहिली तर तो पहिला, सर्वांत वरचा टाका एकतर घातला नाही किंवा टिकला नाही. या दोषांवर नुसती वरवरची 'वण काढण्याची' शस्त्रक्रिया करून उपयोग नाही. वण काढला तरी घळ तिथेच राहते. ओठ पुन्हा उघडून स्नायू पुन्हा बांधावा लागतो. तेव्हा दुसऱ्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर 'स्नायूचे काय करणार?' हा प्रश्न पालकांनी अवश्य विचारावा. गोंधळलेले उत्तर आले तर दुसरे मत घ्यावे.

वेळेबाबत. ओठाची शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान होते. '१०चा नियम' जुना आहे: वय निदान १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साधारण ४.५ किलो, हिमोग्लोबिन १० ग्रॅम. घाई करून काही मिळत नाही. बाळ जितके मोठे तितका स्नायू ठळक आणि टाका पक्का. मधला काळ वाया घालवायचा नसतो. फट रुंद असेल तर ओठाच्या दोन्ही बाजू बोटांनी जवळ आणून वर चिकटपट्टी लावतात. आधी गालांवर कातडीला जपणारी पट्टी आणि तिच्यावर ओढणारी पट्टी, म्हणजे रोज बदलताना कातडी सोलत नाही. काही बाळांसाठी टाळूत बसणारी प्लास्टिकची तबकडी आणि नाकपुडीला आतून उचलणारी छोटी दांडी वापरतात. तबकडी दर आठवड्याला साधारण एक मिलिमीटरने घासून-भरून हिरडीचे तुकडे जवळ आणतात, आणि फट पाच मिलिमीटरच्या आसपास आली की नाकाची दांडी जोडतात. हे पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करायचे, कारण आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे नवजात बाळाची कूर्चा तेव्हा मऊ आणि वळवता येण्याजोगी असते. पुढे ती ताठर होते. या तबकडीने स्नायूची पकड सुटत नाही, ते काम शस्त्रक्रियेचेच. पण अंतर कमी झाल्याने स्नायू ताणाशिवाय जुळतो.

नुसता ओठ दुभंगलेला आणि टाळू शाबूत असेल तर बहुतेक बाळे अंगावर पिऊ शकतात. स्तनाचा मऊ भाग किंवा आईचे बोट फट झाकते. टाळूही उघडी असेल तर तोंडात पोकळी बंदच होत नाही आणि बाळ ओढूनही दूध येत नाही. तेव्हा दाबता येणारी किंवा एका दिशेची झडप असलेली बाटली, बाळ बरेचसे उभे धरलेले, आणि एका वेळी अर्ध्या तासाच्या आत पाजणे. त्याहून जास्त वेळ लागला तर पोटात गेले त्यापेक्षा बाळाच्या शक्तीचा खर्चच अधिक होतो. दर आठवड्याचे वजन हा एकच भरवशाचा हिशेब.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने पालकांची परीक्षा पाहतात. टाके पाच ते सात दिवसांत निघतात, ओठ सुंदर दिसतो, आणि मग चौथ्या आठवड्यापासून वण लाल, कडक होऊ लागतो, आकसतो आणि धनुष्याचे टोक मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर ओढले जाते. शस्त्रक्रिया बिघडली असे वाटून लोक धावत येतात. हा वणाचा स्वभाव आहे. सहा महिने ते वर्षभरात तो मऊ पडतो आणि ओठ खाली येतो. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी आणि शल्यचिकित्सकाने हो म्हटल्यावर, वणाला मालिश सुरू करावी. स्वच्छ बोटाच्या टोकाने वण पांढरा पडेल इतका दाब द्यावा, काही क्षण धरावा, मग बोट कातडीवरून न घसरवता खालच्या थरावर गोल फिरवावे, आणि दिशा नाकाकडून ओठाकडे ठेवावी. पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, निदान तीन महिने. नुसते तेल लावून घासल्याने फोड येतात, वण हलत नाही. वणाला ऊन लागू देऊ नये, रंग गडद होतो. काठ उघडले, रक्त थांबेना, ताप आला किंवा बाळ प्यायला तयार नाही, तर वाट न पाहता दाखवावे.

ओठ दुभंगलेल्या प्रत्येक बाळाची टाळूही तपासलीच पाहिजे, नुसते तोंडात डोकावून नाही. विजेरी आणि बोट दोन्ही हवे. टाळूत हाच स्नायूंचा घोटाळा पुन्हा दिसतो. मऊ टाळू उचलणारे दोन स्नायू मधोमध भेटून आडवी झोळी करतात. टाळू दुभंगली की ते मागून पुढे जातात आणि कडक टाळूच्या मागच्या कडेला चिकटतात. झोळी नाही म्हणून नाकाची वाट बंद होत नाही, हवा नाकातून निसटते. मूल 'बाबा' म्हणायला जाते आणि 'मामा' ऐकू येते: ओठ मिटण्यात चूक नाही, तोंडात हवेचा दाबच साठत नाही. कधी वरचा पडदा सलग असतो आणि फक्त आतला स्नायू दुभंगलेला असतो. दोन टोकांची पडजीभ, मध्यरेषेवर निळसर पारदर्शक पट्टा आणि कडक टाळूच्या मागच्या कडेला बोटाला लागणारी खाच, ही त्याची तीन लक्षणे. असे मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत 'बोलायला आळशी' म्हणून राहून जाते. टाळूची शस्त्रक्रिया साधारण ९ ते १८ महिन्यांत करतात, आणि तिथेही भोक बुजवणे पुरेसे नसते, स्नायू मागे नेऊन आडवे जोडावे लागतात. कानाची नळी उघडणारा स्नायूही याच भागातला. म्हणून या बाळांच्या कानाच्या पडद्याआड पाणी साठते आणि श्रवणाची तपासणी पुन:पुन्हा करावी लागते.

हिरडीत फट असेल तर ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळा उतरण्याआधी, कमरेच्या हाडातला गर भरून ती सांधतात. त्याशिवाय सुळ्याला रुजायला हाड मिळत नाही आणि नाकपुडीच्या पायथ्याला टेकू मिळत नाही.

कारणांविषयी एवढेच: जनुके आणि गर्भावस्थेतले काही घटक मिळून हे घडते. धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह, अपस्माराची काही औषधे ही माहीत असलेली कारणे. औषध मात्र मनाने बंद करू नये, गर्भधारणेआधीच डॉक्टरांशी बोलून बदलावे. आई-वडील दोघांनाही हा दोष नसताना एका बाळात आढळला, तर पुढच्या बाळात तो येण्याची शक्यता शंभरात तीन ते पाच. बाळाच्या किंवा पालकांपैकी कोणाच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे असतील तर ते आवर्जून सांगावे. तो आनुवंशिक प्रकार वेगळा असतो आणि त्यात ही शक्यता कितीतरी जास्त, निम्म्याच्या आसपास.

आपल्याकडे अशी बातमी पुन्हा येईल तेव्हा नंतरचे छायाचित्र शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या आठवड्याचे न घेता निदान वर्षाने घ्यावे, ही विनंती. पालकांनी तर छायाचित्रावर थांबूच नये. फोनवर दर सहा महिन्यांनी तीन छोट्या चित्रफिती घ्याव्यात, प्रत्येकी दहा सेकंदांच्या, समोरून, एकाच उजेडात: एक चेहरा शांत असताना, एक मूल फुंकर घालताना किंवा चंबू करताना, आणि एक 'पापा, बाबा' म्हणताना. तान्हे असेल तर रडताना. तपासणीच्या दिवशी मूल नेमके तोंड घट्ट मिटून बसते. तेव्हा या तीस सेकंदांतून स्नायू कुठे जुळला आहे आणि कुठे नाही हे डॉक्टरांना कळते.

आपले,
ओठ-टाळूच्या शस्त्रक्रिया आणि वाचोपचार करणारे काही वाचक